विकणाऱ्याने किती बोलावं

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यात एक घोडा आहे. कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगून झाल्यावर कायदा काही उदाहरणं देतो. ‘अ’ आपला घोडा लिलावात ‘ब’ला विकतो. घोड्यात खोड आहे हे ‘अ’ला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, खोडही तीच. पण ‘ब’ ही ‘अ’ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता नात्यामुळेच ‘अ’वर बोलण्याचं कर्तव्य येतं. तिसऱ्यात ‘ब’ म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन’, आणि ‘अ’ गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं.

मी वकील नाही. भाषांतर करते, तमिळमधून मराठीत, क्वचित उलट. तरी ही तीन उदाहरणं मी बरेचदा वाचली आहेत, कारण ती कथांसारखी लिहिलेली आहेत. बदलतं ते एवढंच, की समोरचा माणूस आपला कोण लागतो आणि त्याने कुठल्या शब्दांत विचारलं. गेल्या वर्षी तंजावरात मी माझी मोटरसायकल विकायला काढली, तेव्हा पंधरा-वीस दिवस याच दोन गोष्टी डोक्यात होत्या.

गाडी २०१३ सालची, दीडशे सीसीची पल्सर, माझ्याच नावावर. नंबर तंजावरचा, टीएन ४९, पण घराणं बजाजचं, म्हणजे पुण्याकडचं. तेव्हा आम्ही दोघीही इथे बाहेरून आलेल्या. गुडघा कुरकुरायला लागल्यावर मी स्कूटर घेतली आणि ही अंगणात उभी राहिली. तिच्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट एकच. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा ती पट्टुक्कोट्टैजवळ एका मैत्रिणीच्या अंगणात स्टँडवर उभी होती. त्या रात्री त्या भागातले माड लाखांनी आडवे झाले. त्यातला एक तिच्यावर पडला. पुढचा फोर्क वाकला, हँडल गेलं, टाकी चेपली. दुरुस्ती नीट झाली. टाकी बदलली, फोर्क सरळ केला, रंग असा जमला की सांगूनही कळू नये. फक्त तेव्हापासून हात सैल सोडले की गाडी जराशी डावीकडे ओढते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर थोडी जास्त. माझ्या हातांना त्याची इतकी सवय झाली होती की ते आपोआप सावरून घेत. नव्या माणसाच्या हातांना ते ठाऊक नसणार.

‘ॲक्सिडेंट झालाय का?’ हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. त्याचं खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. गाडी कशावर आदळली नाही, कोणी पडलं नाही, कुठे नोंद नाही. काही जण तमिळमध्ये वेगळ्या शब्दांत विचारतात, ‘अडि पट्टिरुक्का?’ म्हणजे मार लागलाय का. याचं खरं उत्तर ‘होय’ असं आहे. दोन्ही प्रश्न विचारणाऱ्याला हवं असतं ते एकच, की या गाडीवर बसलो तर काही धोका आहे का. शब्दाला उत्तर द्यायचं की शब्दामागच्या माणसाला, हा पेच भाषांतर करणाऱ्यासमोर दिवसातून दहा वेळा येतो. तिथे चुकलं तर फार तर समीक्षक रागावतो.

वापरलेली गाडी विकण्याची एक रीत असते. ती कोणी लिहून ठेवलेली नसते, पण सगळ्यांना माहीत असते. गाडी धुवावी, चेनला तेल द्यावं, आरसी, विमा आणि पीयूसी एका पिशवीत तयार ठेवावं. किंमत तीन-चार हजार वर सांगावी. समोरच्यालाही कमी करून घेतल्याचं समाधान लागतं. ट्रायलला जाणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली ठेवून जावं, आणि न मागता ठेवली तर माणूस बरा समजावा. इथवर सारं शिष्टाचारात मोडतं. पुढे हळूहळू उतार लागतो. टायरला काळं पॉलिश मारणं. गिऱ्हाईक यायच्या आधी दहा मिनिटं इंजिन गरम करून ठेवणं, म्हणजे थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं हे कळत नाही. आतला खडखडाट दबावा म्हणून जाड ऑइल घालणं. आणि मग मीटर मागे फिरवणं. हे शेवटचं म्हणजे उघड लबाडी, यावर सगळ्यांचं एकमत आहे. माझ्या मते लबाडी त्या गरम इंजिनापाशीच सुरू होते. धुतलेली गाडी ‘मला धुतलंय’ एवढंच सांगते. मुद्दाम गरम केलेलं इंजिन ‘मी झटक्यात सुरू होतं’ असं सांगतं, आणि ते खरं नसतं. ओठ न हलवता सांगितलेलं ते खोटं आहे. म्हणूनच मुरलेलं गिऱ्हाईक आल्या आल्या आधी इंजिनाला हात लावून बघतं.

पण माड या कुठल्याच युक्तीत बसत नव्हता. मी त्याला झाकलं नव्हतं. तो दिसतच नव्हता. फक्त बोलायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

माझ्याकडे सहा जण आले. सहाही जणांनी आधी दाराआड डोकावून ‘सार इल्लैया?’, साहेब नाहीत का, असं विचारलं. गाडी माझीच आहे हे कळल्यावर ते ‘मॅडम’वरून ‘अक्का’वर आले. ‘अक्का, चेन कधी बदलली? अक्का, दिवसाला किती चालवता? अक्का, नीटच असणार, तुम्ही कशाला खोटं सांगाल.’ मीही त्यांना ‘तंबी’ म्हणू लागले, म्हणजे धाकटा भाऊ. वीस वर्षं तमिळ ऐकलं-वाचलं की हा शब्द आपसूक तोंडात येतो. मराठीतही आपण भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणतोच. अक्काचं मराठीत ताई होतं, काही सांडत नाही. इंग्रजीत हा शब्द गळून तरी पडतो, नाहीतर तळटीप मागतो. करार कायदा इंग्रजीत लिहिला गेला. त्यातला ‘अ’ आणि ‘ब’ एकमेकांना कुठल्याच नात्याने हाक मारत नाहीत, त्यामुळे तिथे मुलगी ही मुलगी असते आणि बाकी सगळे परके. इथे मात्र परका माणूस तोंड उघडताच भाऊ होतो. मग त्याला कोणतं उदाहरण लावायचं, पहिलं की दुसरं?

यावरचा आक्षेप मला माहीत आहे. ही हाक म्हणजे घासाघिशीतली एक चाल आहे. ‘अक्का’ म्हटलं की हजार-दोन हजार सुटतात, ‘तंबी’ म्हटलं की भरवसा बसतो, आणि दोघांनाही ते कळत असतं. मान्य. पण चाल म्हणून दिलेलं वचनसुद्धा वचनच असतं. पाळायचं मनात नव्हतं, म्हणून देणारा मोकळा होत नाही. हाकेचंही तसंच असावं असं मला वाटतं. त्या शब्दाने मी समोरच्याचा संशय सैल केला असेल, त्याला चार प्रश्न कमी विचारायला लावलं असेल, तर त्या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे लागतात. नात्याचा फायदा घ्यायचा आणि अडचण आली की कलम १७ मधल्या परक्या माणसाच्या मागे लपायचं, हे जमणार नाही.

हा वाद फार जुना आहे. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात बॅबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांची यावरच जुंपते. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावं का? डायोजेनिस म्हणतो, कायद्याने सांगायला लागतं तेवढं सांगावं. न सांगणं आणि लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँटिपेटर म्हणतो, माणसं निसर्गानेच एकमेकांशी बांधलेली आहेत, त्यामुळे सगळं सांगायला हवं. सिसेरो त्याच्याच बाजूचा. मलाही अँटिपेटरचं पटतं, पण त्याच्या युक्तिवादाला अख्खी मानवजात लागते. मला त्यातला ‘अक्का’ हा एक शब्द पुरला.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांनी हा गुंता दुसऱ्या टोकाने धरला, आणि त्याचा एक धागा नेमका तंजावरचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची जी पोथी १९०५ मध्ये म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली, ती तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने दिलेली होती. १९०९ मध्ये ती छापली गेली. त्यात रोगट जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला १२ पण दंड आहे. पण त्याहून लक्षात राहते ती मुदत. चार पायांचं जनावर तीन पक्षांत, म्हणजे दीड महिन्यात, परत करता येतं. आणि कौटिल्य कारणही देतो, की तेवढ्या काळात त्याचं बरंवाईट कळू शकतं. याज्ञवल्क्यस्मृतीत तर पारखायच्या मुदतींची यादीच आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, आणि ओझं वाहणाऱ्या जनावराला, ज्याला तिथे ‘वाह्य’ म्हटलं आहे, पाच दिवस. दासदासीही त्याच यादीत आहेत, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

या ग्रंथांनी विकणाऱ्याच्या जिभेवर फारसा भरवसा ठेवलेला दिसत नाही. त्यांनी घेणाऱ्याला दिवस दिले. त्यातून घेणाऱ्याचं स्वतःचं शास्त्रही होतं. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र चित्रांसह छापलं आहे. अंगावरचा कुठला भोवरा शुभ आणि कुठला अशुभ, हा या शास्त्राचा आवडता विषय. आपल्या बैलबाजारात अजूनही शेतकरी जनावराचं तोंड उघडून दात मोजतो, चार पावलं चालवून बघतो, आणि मग उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो. भाव गुप्त, दात मात्र उघडे. मोटरसायकलीचे दात म्हणजे मीटर, आणि ते मागे फिरतं.

मलाही वाटलं की तंबीला पाच दिवस द्यावेत. स्वतःच चालवून बघेल, माडाविषयी बोलायलाच नको. पण आज ते जमत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंद ज्याच्या नावावर तो मालक. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की गाडी हातोहात कितीही पुढे गेली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकाच्या गळ्यात पडते. याज्ञवल्क्याच्या काळात पाच दिवस उधार देणाऱ्याचं बैलाच्या वैरणीपलीकडे काही जात नसेल. आज त्या पाच दिवसांत कोणाच्या अंगावर गाडी गेली तर कोर्टात मी उभी. तेव्हा जे काम पूर्वी दिवस करत, ते आता शब्दांनाच करावं लागतं, आणि ते शब्द ज्याच्याकडे आहेत त्यानेच ते काढायला हवेत.

मी बोलायला लागले, तेव्हा जे झालं ते कुठल्याच ग्रंथात नव्हतं. पहिल्याला माडाचं सांगितलं. तो थोडा वेळ टाकीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘अक्का, हे तुम्ही आपणहून सांगताय, तर न सांगितलेलं काय असेल?’ आणि गेला. दुसऱ्याने ऐकताच सात हजार उतरवले, जणू माड त्याच्यावर पडला होता. शेजारच्या काकू, ज्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यापासून इथे आहे आणि ज्यांच्या मराठीत निम्मा तमिळ हेल आहे, म्हणाल्या, ‘तुम्ही पुण्याची माणसं विचारल्यावाचून फार बोलता.’

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा मोठा वाटा होता. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला लिंबू म्हणतात आणि ते लिंबू निबंधाच्या शीर्षकातच आहे. चांगली कुठली आणि लिंबू कुठलं हे विकणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला मध्यमच भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकत नाही, आणि बाजारात लिंबंच उरतात. निबंध वाचून वाटतं की विकणाऱ्याने खरं सांगितलं तर सगळं सुरळीत होईल. पण जिथे कोणीच आपणहून बोलत नाही, तिथे बोलणारा अधिक मोठं काही दडवत असणार, हाच शहाणा अंदाज ठरतो. खरं बोलणाऱ्याला आपण खरं बोलतोय हे सिद्ध करायला वेगळी भाषा मिळत नाही. लबाडाचेच शब्द वापरावे लागतात.

मधल्या काळात एक दलाल आला. चौतीस हजार रोख, प्रश्न शून्य. अट एकच: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घेणाऱ्याचं नाव कोरं सोडायचं. मी माडाचं बोलायला लागले तर त्याने हात वर केला. ‘वेण्डाम अक्का.’ नको. त्याला खरंच ऐकायचं नव्हतं, कारण ऐकलं असतं तर पुढे विकताना ते त्याच्याकडे राहिलं असतं. गप्प राहण्याचा हा एक स्वच्छ मार्ग आहे: आपलं मौन दुसऱ्याला विकून टाकायचं, वर दोन पैसे जास्त घेऊन. मी नाही म्हटलं. त्यात अँटिपेटर किती आणि कोऱ्या फॉर्मची भीती किती, याचा हिशोब मी मांडलेला नाही.

शेवटी घेतली ती ओरत्तनाडूकडच्या एका मुलाने. पार्सलं पोचवायचं काम करतो, रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर. माडाचं ऐकून तो म्हणाला, चालवून बघतो. मी मागे बसले आणि आम्ही तिरुवैयारूपर्यंत गेलो. वाटेत पाच नद्यांचे पूल लागतात. वेट्टारच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तसे त्याने हँडलवरचे हात अलगद उचलले. गाडी डावीकडे गेली. ‘एवढंच ना,’ म्हणाला. परत आल्यावर ब्रेकचंही करून बघितलं, घरासमोर बादलीभर पाणी ओतून. मी छत्तीस सांगितले होते, एकोणतीसला ठरलं. वीस हजारांवर पोचल्यासारखं तोंड करून त्याने पाच हजार विसार दिला.

न्यायचा दिवस त्याने अमावास्येचा धरला. तमिळनाडूत अमावास्या नव्या कामाला चांगली मानतात. माझ्या आईने पुण्याहून फोनवर दोनदा विचारलं, ‘अमावास्येला? गाडी?’ त्या सकाळी आम्ही फॉर्म भरून, दोघांनी सह्या करून आरटीओचं काम उरकलं. घरी परतताना तो हळूच म्हणाला, ‘अक्का, अम्मा बसने येतेय पूजा करायला. तिच्यासमोर झाडाचं काढू नका. तिला अपशकुन वाटेल.’

‘अम्मा तुझ्या मागे बसते?’

‘रोज. बाजारात सोडतो तिला.’

मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचं उदाहरण कायद्यात नाही. तो ‘अ’ही नाही आणि ‘ब’ही नाही. गाडी घेतली ती तंबीने, त्याला सगळं सांगून झालं होतं, आणि आपल्या आईला काय सांगायचं हे त्याचं त्याने ठरवायचं असतं, असं म्हणता येईल. मी तसंच ठरवत होते.

अम्मा आली. कुंकू, कापूर, दोन लिंबं. इथे नवी-जुनी कुठलीही गाडी घरी नेण्याआधी चाकांखाली लिंबू चिरडतात. अकरलॉफला हे सांगायला हवं होतं. तिने टाकीवर कुंकवाची बोटं उमटवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘नल्ल वण्डिदाने, मा?’ चांगलीच गाडी आहे ना, बाई? त्या ‘दाने’चं भाषांतर अवघड आहे. तो प्रश्न असतो, पण उत्तर आत घालूनच विचारलेला. नाही म्हटलं नाहीत तर होय असंच धरणारा. म्हणजे कलम १७ मधलं तिसरं उदाहरण, शब्दशः.

मी म्हटलं, ‘तंबीला सगळं सांगितलंय. त्यालाच विचारा.’

त्याने माझ्याकडे रागाने बघितलं. मग खाली बघत, गजा, पट्टुक्कोट्टै, माड, फोर्क असं भराभर सांगून टाकलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मला विचारलं, ‘काय्क्किर मरमा?’ फळतं झाड होतं का?

मी होय म्हटलं. नारळ लगडलेले होते.

ती चुकचुकली, बराच वेळ, गाडीकडे न बघता. त्यांचे गजात अकरा गेले होते, सगळे फळते. मग तिने लिंबं दोन्ही चाकांखाली एकेक सरकवली, पदर खोचला आणि मुलाला म्हणाली, डावीकडे ओढते ना, मी जरा उजवीकडे सरकून बसेन.